नानासोंच्या घशातलं हाडूक

नानासो काळेलांनी मटण खाल्लं होतं की नव्हतं, हा काही कुणाच्या जिवावर बेतावा असा प्रश्न नव्हे. पण बेतला. आणि बेतला तो अशा माणसाच्या जिवावर, ज्यानं चार-पाच वर्षांत मटणाच्या भांड्याकडं वाकूनही बघितलं नव्हतं. निदान दगडाबाईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, तसा समज होता.

माण तालुक्यातल्या कोरड्या माळावर पांढरमाळ नावाची धनगरांची वाडी आहे. नानासोंचा सगळा जन्म तिथं मेंढरांमागं गेला. मटण म्हणजे या माणसाचा जीव की प्राण. नळी चोखताना ते डोळे मिटून घ्यायचे आणि अशा वेळी त्यांना हाक मारायची घरात कुणाची छाती नव्हती. पण नातू मल्हार सातव्या महिन्यातच जन्मला, साताऱ्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत त्याला ठेवला, तेव्हा नानासो तडक बिरोबाच्या देवळात गेले आणि हातात भंडारा घेऊन बोलले, "पोरगं जगू दे. पाच वर्सं मटणाला शिवणार न्हाई."

पोरगं जगलं. एवढंच नाही, तर वाडीतली सगळी कोंबडी त्याच्या भीतीनं घरांवर चढून बसायला लागली. नानासोंनी शब्द पाळला. देवाचं जेवण असलं की ते नवसकऱ्यांच्या पंगतीत वेगळे बसत आणि वरणभाताकडं बघून मुकाट्यानं जेवत. येत्या दिवाळीला पाच वर्षं पुरी होणार होती. त्या दिवशी कुठलं बोकड कापायचं, हेसुद्धा म्हाताऱ्यानं कळपात हेरून ठेवलं होतं.

मधल्या काळात त्यांना बीपी आणि शुगर निघाली. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या आणि तंबाखू, चुना, सुपारी सगळं बंद करून टाकलं. नानासोंच्या कमरेला जन्माची चंची होती, पान-तंबाखूची, कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. ती एका दिवसात ओस पडली. सवयीनं हात तिकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. गोळ्यांची मात्र आठवण राहायची नाही. नवराबायको दोघांनाही वाचता येत नव्हतं, सगळी पाकिटं चंदेरीच, सकाळची कुठली आणि संध्याकाळची कुठली याचा रोज गोंधळ.

तोडगा दगडाबाईनंच काढला. मेंढरं कातरायची कातर घेऊन ती उंबऱ्यात बसली आणि एकेक गोळी तिच्या चांदीच्या कागदासकट चौकोनी कापून काढली. सकाळच्या गोळ्या पानाच्या कप्प्यात, दुपारी जेवल्यावरच्या सुपारीच्या कप्प्यात, संध्याकाळच्या तंबाखूच्या. चंची परत भरली आणि नानासो परत माणसात आले. सुपारीची तल्लफ आली की सुपारीच्या कप्प्यात बोटं घालायची, गोळी काढायची, कागद नखानं फाडायचा आणि हात वर करून गोळी तोंडात टाकायची. त्या दिवसापासून एक गोळी चुकली नाही. आशाताई बीपी मोजायला आली तेव्हा तिनं दगडाबाईची पाठ थोपटली आणि दुसऱ्या वाड्यांवर जाऊन हे सांगितलं. दगडाबाईला त्याचा अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

मग बिरदेवच्या घरचं देवाचं जेवण आलं.

बिरदेव पुकळे म्हणजे नानासोंचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्याच्या बोअरला पाणी लागलं म्हणून त्यानं बिरोबाला बोकड दिलं आणि सगळ्या वाडीला बोलावलं. दगडाबाई बायकांच्या पंगतीत होती. तिला लांबून फक्त नानासोंचा लाल पटका दिसत होता आणि शेजारी बिरदेव, मटण वाढता वाढता मुद्दाम त्यांच्यापुढं थांबून चेष्टा करणारा. जेवणं उरकत आली, माणसं हात धुऊन मेंढरांच्या बाजाराच्या गप्पांना लागली, आणि एकदम गलका झाला. नानासो उठून उभे होते. एक हात गळ्यावर आणि डोळे पांढरे.

"घशात आडाकलंय," ते कसंबसं म्हणाले. "टोचतंय."

बिरदेवनं पाठीत गुद्दे घातले. कुणी केळं आणलं. दगडाबाई धावत गेली आणि तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं तेच तिनं केलं. कोरड्या भाकरीचा मोठा घास करून नानासोंच्या तोंडात कोंबला.

"चावू नगा. तसाच गिळा. घिऊन जातोय त्यो खाली."

नानासोंनी गिळला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. दुसरा घास, मग तिसरा.

"गेलं का?"

"गेल्यागत वाटतंय."

"काय हुतं रं?" बिरदेवनं विचारलं.

"काय ठावं! गप्पांच्या नादात कळलंच न्हाई. वरणातला खडा आसंल."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण दिवस मावळायच्या आत नानासोंना स्वतःची थुंकी गिळवेना. घास नाही, पाणी नाही, वाटीत थुंकत बसले. सकाळी जोतीरामनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, दुधाचा टेम्पो रिकामा केला, आत गोधडी टाकली आणि आईबापाला घेऊन सातारा गाठलं.

साताऱ्याच्या डॉक्टरनं घसा बघितला, फोटो काढला, तो उजेडावर धरला. मग विचारलं, "हाडबिड गिळलं का काही?"

नानासोंच्या आधी दगडाबाईच बोलली, "छ्या! त्येंचा नवस हाय."

जोतीरामनं तर सगळी हकीकत सांगितली, काचेच्या पेटीपासून. त्यात बापाचं कौतुक होतं, त्यामुळं जरा रंगवूनच सांगितली. डॉक्टर हसला. फोटोत काही दिसत नाही म्हणाला, कडक घासानं आत ओरखडा उठला असेल, औषध देतो. पण ताप आला किंवा छातीत दुखायला लागलं, तर एक क्षणही घरी थांबू नका, नळीतून कॅमेरा घालून बघावं लागेल, हेही त्यानं दोनदा बजावलं. वाडीचा रस्ता खड्ड्यांचा, तेव्हा वाडीला परत जाण्यापेक्षा आष्ट्याला लेकीकडं जावं, तिथून सांगलीचे मोठे दवाखाने जवळ, असा जोतीरामनं विचार केला. या सगळ्या प्रकरणात तेवढी एक गोष्ट शहाणपणाची झाली.

आष्ट्याला लेकीच्या, राणीच्या घरी नानासोंना ताप भरला. पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं, मान फुगली. राणी बापाच्या मानेला बाम चोळत होती ती एकदम हात काढून मागं सरकली.

"आये, हितं हात लावून बग."

दगडाबाईनं हात लावला. कातडीखाली काहीतरी कुरकुरत होतं. पापडाचा चुरा कापडाखाली दाबावा तसं. माणसाच्या मानेत असलं काही असतं हे तिला माहीत नव्हतं.

सांगलीत पोचल्यावर सगळं इतक्या वेगानं झालं की तिच्या डोक्यात काही शिरेना. ढकलगाडी, सुई, मोठ्या यंत्रातला फोटो. कुणी विचारी वय किती, कुणी विचारी उपाशी आहेत का. गोळ्या कुठल्या चालू आहेत असं विचारलं, तर जोतीरामनं मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो दाखवला. मग ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर आल्या. नाव उत्कर्षा, वय राणीएवढं, केस आवळून बांधलेले. जोतीराम मॅडम म्हणत होता, म्हणून दगडाबाईही मॅडम म्हणू लागली.

"घशातून पोटात अन्न नेणारी नळी असते ना आजी, ती आजोबांची फाटलीय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या गळ्याखाली बोट ठेवलं. "इथं. आतली हवा आणि थुंकी बाहेर मानेत नि छातीत जातेय. मानेत कुरकुर लागते ती हवाच. त्यात पू झाला तर माणूस हाती लागत नाही. आजच ऑपरेशन करावं लागेल."

"पण फाटली कशानं?" राणीनं विचारलं.

"आत काहीतरी अडकलंय. पातळ आहे, कडा आहेत. बहुतेक बोकडाचं चपटं हाड असावं. त्यांनी मटण खाल्लं होतं?"

जोतीरामनं परत नवस सांगायला सुरुवात केली. मॅडमनी त्याला हातानंच थांबवलं. "नवसाबद्दल मी काही म्हणत नाही. पण काय गिळलं, एकच होतं की आणखी तुकडे खाली गेलेत, हे कळलं तर मला आत शोधताना सोपं जाईल. त्यांना बोलताना त्रास होतोय. तुम्ही विचारून सांगा."

मॅडम गेल्या आणि दगडाबाई बाकावर बसली ती बसलीच. फोटो खोटं कशाला बोलेल? यंत्राला नवस माहीत नसतो. मग ह्यांनी खाल्लं? भर पंगतीत? पटका तेवढा दिसत होता, ताट कुठं दिसत होतं! चार-पाच वर्षं कळ काढली आणि दिवाळी तोंडावर आली असताना म्हाताऱ्याची जीभ सुटली? तिला राग आला, मग रागाची लाज वाटली, मग भीती वाटली. कारण नवस काही जिभेचा नव्हता, मल्हारचा होता. तिनं जोतीरामला बिरदेवला फोन लावायला सांगितला.

"वहिनी, मी एवढंच म्हणलो हुतो की एक फोड घे, देव काय बगत बसलाय व्हय," बिरदेव फोनवर रडकुंडीला आला. "चेष्टा केली हो. खाल्ली का न्हाई, मी न्हाई बगितलं. रश्श्याची बादली त्येच्या म्होरनं गेली हुती, वाढणारी पोरं नवी... आता काय म्हणू?"

म्हणजे हो की नाही? फोन ठेवायच्या आत सुनेचा फोन आला. मल्हारला सर्दी झालीय, अंग कोमट लागतंय, मी काढा दिलाय, काळजी करू नका. सून खरंच काळजी करू नका म्हणत होती. पण दगडाबाईला फक्त अंग कोमट लागतंय एवढंच ऐकू आलं.

ती उठली आणि आत गेली.

नानासो उशीवर तिरके टेकले होते. नाकात नळी, मान सुजून खांद्याला मिळालेली. तिला बघून त्यांचा चेहरा जरा उजळला. तिनं दार लोटून घेतलं.

"आवं, एक इच्यारते, खरं सांगा. खाल्लं का?"

त्यांना कळेना. त्यांनी भुवया वर केल्या.

"मटान. बिरदेवच्या घरी. खाल्लं का?"

नानासोंनी मान हलवली. नाही.

"न्हाई कसं? मशिनीत हाडूक दिसतंय. डागदरीन म्हणती, हाडूकच हाय. ती कशाला खोटं बोलंल? तिला तुमच्या नवसाचं काय?"

परत मान हलली, पण या वेळी जरा हळू.

"आवं, जीव जाईल तुमचा!" दगडाबाईला रडू फुटलं, आणि रडताना ती भांडत असल्यासारखी बोलत होती. "नवसाची भीती वाटती व्हय? म्या बगते बिरोबाकडं. त्येला काय सांगायचं ते मी सांगते, तुमी नगा काळजी करू. पोराचं अंग गरम हाय तिकडं. तुमी फकस्त खरं सांगा. तुमी खाल्लंय. मला ठावं हाय तुमी खाल्लंय. एवढी वर्सं झाली, मला कळत न्हाई व्हय? व्हय म्हणा. व्हय म्हणा की ओ!"

नानासो तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मेंढरं मोजताना एक कमी भरलं की पडायच्या तशा. काहीतरी आठवायचा ते खूप प्रयत्न करत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि हलवली. होय.

दगडाबाईनं बाहेर येऊन मॅडमना सांगितलं, "खाल्लंय त्येनी." जोतीराम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

नर्सनं नानासोंच्या अंगावरच्या वस्तू काढून दगडाबाईच्या ओटीत आणून टाकल्या. कानातली बाळी, गळ्यातला ताईत, लाल पटका, चंची. ढकलगाडी आत गेली आणि दार बंद झालं. दगडाबाई दवाखान्याच्या आवारात गेली, लिंबाच्या झाडाखाली पायातल्या चपला काढल्या आणि पूर्वेकडं तोंड करून, जिकडं वाडी आहे असं तिला वाटलं तिकडं, हात जोडले. त्यांनी मोडलं ते माझ्यावर घे. मी जन्मभर पायात काही घालणार नाही, मटणाला शिवणार नाही. पण पोराला आणि ह्यांना सोड. बोलून झाल्यावर तिला शंका आली की पूर्व हीच का ती. पण पाय तापल्या फरशीवर ठेवले होते, चपला तिथंच सोडल्या होत्या, आता देवानं दिशा समजून घ्यावी.

ऑपरेशन दुपारभर चाललं. दगडाबाई चंची मांडीवर घेऊन बसली होती आणि नकळत तिच्या दोऱ्या सोडत होती, परत बांधत होती.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा थकलेल्या होत्या, पण चेहरा वाईट नव्हता. त्या तिघांच्या समोर स्टुलावर बसल्या. "आधी दुर्बिणीनं तोंडातूनच काढायला बघितलं. पण कोपरे आत रुतले होते, ओढलं असतं तर नळी आणखी फाटली असती. म्हणून मानेच्या डाव्या बाजूनं उघडलं. आतला घाण भाग धुतला, फाटलेलं शिवलं, वर शेजारच्या स्नायूची एक पट्टी ठिगळासारखी लावली. आता बरेच दिवस तोंडातून काही द्यायचं नाही, पोटात नळी घातलीय तिच्यातून खायला घालू. धोका टळलाय असं आज म्हणत नाही. पण आजोबा चिवट आहेत."

"हाडूक मोठं हुतं का?" जोतीरामनं खाली बघत विचारलं.

"तेच सांगायचंय. हाड नव्हतंच."

मॅडमनी एक लहान प्लास्टिकची डबी पुढं केली. तळाशी एक चंदेरी चौकोन होता. मधला फुगवटा अजून तसाच, आत गोळीचा उरलेला पांढरा चिखल. चारही कोपरे टोकदार.

राणी म्हणाली, "ही तर गोळी हाय."

"हो. कागदासकट गिळली. असं होतं. घाईत, बोलण्याच्या नादात. कापलेला कोपरा पात्यासारखा लागतो. त्यात कोणी वर भाकरीबिकरी कोंबली असेल तर तो आणखी आत घुसतो." मॅडम डबी हलवून बघत होत्या. "पण अशी एकेक कापून कोणी दिली? दुकानातून?"

जोतीराम पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिला. राणी आईकडं बघायचं टाळत होती. दोघं आईला सांभाळून घ्यायला बघत होती, आणि तेच दगडाबाईला सोसेना.

"म्याच," ती म्हणाली. "मेंढरं कातरायच्या कातरीनं. आन भाकर बी म्याच कोंबली." तिनं मांडीवरची चंची उघडून सुपारीचा कप्पा पुढं केला. आत चार-पाच चौकोन चमकत होते.

मॅडमनी चंची हातात घेतली, आत बघितलं, दोऱ्या कशा आवळायच्या ते बघितलं. त्या रागावतील असं दगडाबाईला वाटलं. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. मॅडम म्हणाल्या, "आजी, कप्पे झकास आहेत. फक्त गोळ्या आधी कागदातून काढून बाटलीत ठेवायच्या. कागद घरात ठेवायचाच नाही." आणि त्या पुढच्या पेशंटकडं गेल्या.

मल्हारची सर्दी दोन काढ्यांत गेली. बिरदेवनं हाड नव्हतं हे ऐकल्यावर वाडीभर पेढे वाटले. म्हणजे सगळ्यांचा हिशेब सुटला. दगडाबाईचाच सुटेना. त्यांनी खाल्लं नव्हतं. मग मान का हलवली? खाल्लं नाही ते खाल्लं असं माणूस कशाला कबूल करेल, तेही मरणाच्या दारात, देवाच्या शब्दाविरुद्ध? तिला वाटायचं की रस्सा तरी चाखला असेल. मग वाटायचं, नाही, तिनं दटावलं म्हणून रागानं हलवली. मग वाटायचं, आपण काय विचारतोय हे त्यांना तापात समजलंच नसेल. आणि तिनं देवाला जे बोलून ठेवलं होतं त्याचं काय करायचं? मोडलाच नाही त्या नवसाचा दंड भरायचा का? राणी म्हणाली, चप्पल घाल गं आये, काही नाही होत. पण झाडाखालच्या चपला केव्हाच कुणीतरी नेल्या होत्या आणि नव्या घ्यायचा तिला धीर होईना.

नानासोंना विचारायची सोय नव्हती. बोलायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. मानेतल्या नळीतून कधी लालसर, कधी पिवळं पाणी बाटलीत उतरायचं. दगडाबाई ते बघत बसायची. मध्ये एकदा परत ताप चढला, मग उतरला. मग एक दिवस त्यांना पांढरं औषध घोटभर पाजून फोटो काढला, शिवण कुठं गळत नाही बघितलं, आणि मॅडमनी स्वतः चमच्यानं पाणी पाजलं. नानासोंनी पाण्याचा तो चमचा मटणाची नळी चोखावी तसा डोळे मिटून घेतला.

घरी सोडलं तेव्हा आधी आष्ट्यालाच राहायचं ठरलं. राणीच्या सोप्यात बाजेवर नानासो बसायचे, पेज प्यायचे, येणाऱ्याजाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांकडं बघायचे. आवाज घोगरा झाला होता, पण निघत होता. त्या दिवशी मॅडमच्या सांगण्याप्रमाणं पहिल्यांदा गोळी तोंडातून द्यायची होती. आतापर्यंत ती कुटून नळीतून जायची. दगडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"तुज्या चपला कुठं गेल्या?" नानासोंनी विचारलं.

ती टाळायला बघत होती, पण ते तिच्या पायांकडं बघत राहिले. भेगांत माती गेली होती. मग तिनं सगळं सांगून टाकलं. लिंबाचं झाड, बिरोबा, पूर्व होती की नव्हती ते.

"पर मी नवस कुठं मोडला?"

"आवं, मान कुणी हालवली? खाल्लं म्हणून?"

नानासोंच्या कपाळावर आठ्या परत आल्या. मग ते म्हणाले, "तू म्हणलीस म्हणून."

"म्हंजी?"

"मला तर काय आठवंना. वरणभात खाल्ल्यालं आठवायचं. पर तू एवढी म्हणाया लागलीस, रडाया लागलीस... म्हणलं आसंल मग. खाल्लं आसंल. हिनं आजपातूर खोटं सांगितलंय का मला कवा? आपलंच ध्यान न्हाई म्हणलं." ते घसा खाकरले, दुखलं, थांबले. "लय वायट वाटलं बग. मल्हारचं तोंड डोळ्याम्होरं आलं. पर तू म्हणत हुतीस न्हवं."

इतके दिवस दगडाबाईनं किती कारणं शोधली होती, त्यात हे एक नव्हतं. त्यांनी आपला शब्द, आपला देव, स्वतःची आठवणसुद्धा बाजूला ठेवून तिच्या एका हट्टापुढं मान तुकवली होती. आणि ती चुकली होती. गोळीच्या बाबतीतही, भाकरीच्या बाबतीतही आणि यातही.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "कातर म्याच चालवली."

"आन गिळली कुणी? मीच न्हवं. बिरदेव बाजारातल्या मेंढीचं सांगत हुता, तिच्याच नादात." त्यांनी तळहात पुढं केला. "दे."

दगडाबाईनं बाटलीतून गोळी तळहातावर काढली. नखानं उलटी केली, सुलटी केली. बोटानं चारी बाजूंनी चाचपली, कुठं कागद नाही, कोपरा नाही. उजेडात धरून परत बघितली. मग ती गोळी तिनं त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "बगा आदी नीट. तुमी बी बगा."

नानासोंनी हात वर केला आणि सुपारी टाकावी तशी गोळी तोंडात टाकली. त्यांनी हाताकडं बघितलंच नाही. ते तिच्याकडं बघत होते.